माप

पत्र आलं ते आप्पांच्या नावानं
आणि आप्पांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झालेली.
पोस्टमन म्हणाला, सही कोण करणार?
बोटांची खळ पदराला पुसून
मीच केली.

पोलंडातल्या कुठल्याशा गावी
वांदा नावाच्या बाईनं जाताना
दोन खोल्या, एक पडवी, सफरचंदाची सात झाडं
'दौलू सटबा व्हटकर, चप्पल लाईन, कोल्हापूर'
यांच्या वारसांच्या नावे करून ठेवलेली.
भाऊ म्हणाला, फसवणूक हाय.
आता बँकेचा नंबर मागतील बघ.

मला वळिवडं आठवलं.
लढाईच्या काळात तिथल्या कॅम्पात पोलंडची माणसं होती,
बायका नि पोरंच जास्त,
आणि आप्पा सायकलला जोड टांगून विकायला जायचे,
एवढं घरात सगळ्यांना ठाऊक.
कापशीची करकर ऐकून त्या बायका कशा हसायच्या
ते सांगताना आप्पा स्वतः हसायचे,
मग दोऱ्याला मेण लावत बसायचे,
लावून झालेल्या दोऱ्याला पुन्हा.

दिवाळीच्या तोंडावर, गिऱ्हाईक दारात उभं असताना,
ते एक जोड असा करायचे
जो कुणाच्याच मापाचा नसायचा.
मी एकदा पाय घालून बघितला
तर आईनं पाठीत धपाटा घातला.
देवाचं माप हाय ते. इचारायचं न्हाई.
कुठला देव, हे मीही विचारलं नाही.
आमच्या घरात देव बरेच होते.

निनाद, माझा भाचा, जर्मनीत असतो.
तो किल्ली घेऊन गेला,
आणि मी दुकानात, गिऱ्हाइकाला थांबवून,
फोनमध्ये ते घर बघितलं.
चूल, नव्हे, शेगडी. पडदा. खाट.
मावशी, इथं एक कपाट आहे, म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

एकतीस जोड.
काही टाचेला पार झिजलेले, काही कोरे,
प्रत्येकात घडी घातलेला कागद,
कागदावर पेन्सिलीनं फिरवलेलं पाऊल, खाली साल.
पहिलं एकोणपन्नासचं,
माझ्या तळहाताएवढं.
कॅम्प उठला अठ्ठेचाळीसच्या मार्चात.
मी बोटांवर महिने मोजले,
मग मोजायचे थांबवले, गिऱ्हाईक बघत होतं.

सहासष्टनंतर पाऊल वाढलेलं नाही.
जोड मात्र येत राहिला,
आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत.

उलटी कर, म्हटलं. तळ दाखव.
शिवण आप्पांचीच,
टाचेशी एक टाका जास्त, ती त्यांची खोड.
आता पट्टा दाखव. जवळ धर. हलवू नको.
पहिल्या तीन जोडांची वेणीही त्यांचीच,
गडीमाणसाची, घाईची, कुठं सैल कुठं ताठ.
चौथ्या जोडापासून
वेणीचा पीळ उलटा फिरतो.

आई डावरी होती.
अख्ख्या लाईनीत तसा पीळ
दुसऱ्या कुणाचा नव्हता.
एक्कावन्नला लग्न करून आली,
बावन्नपासून अठ्ठावीस दिवाळ्या
वादी भिजवून, दातात एक टोक धरून
तिनं त्या पावलासाठी वेणी घातली.
माझ्या चपला मात्र
ती आप्पांवर सोडून द्यायची.

मला राग यायला हवा होता.
कुणाचा, ते ठरेना.

भाऊ शेजारून म्हणतोय, विकून टाका, युरो येतील.
वकील कळवतोय, महिन्याभरात सांगा.
निनाद तिकडं कपाटासमोर मांडी घालून बसलाय,
मांडीवर एकोणऐंशीचा जोड,
कोरा, वाळून चिरा पडायला लागलेला.

मावशी, घराचं काय करायचं?

आधी तेल लाव त्याला, म्हटलं.
शेंगतेल मिळत नसंल तिथं,
तर मिळंल ते लाव.
आणि वेणीत बोटानं जिरव,
चोळू नको.