खडेमीठ

तिकिटाच्या खिडकीशी आई थबकली.
"माणशी किती म्हणालास?"
"आजींना अर्धं," एस्किल म्हणाला. कानात बाळी, वय फार तर वीस.
"अरे, याच दारातून आत यायचे
मला पैसे मिळायचे.
तासाला दीड क्रोन. उशीर झाला तर पाव तास कापून."
तो हसला.
तिने हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.
नाणी ठेवली एकेक, आवाज करत.

गोदाम आता पिवळं रंगवलंय.
धक्क्यावरून पाहिलं तर खाली पाण्यात दुसरं, उलटं,
तिथे तिकीट नाही.
आत ऊब आहे. हे तिला पटेना.
"इथे? ऊब?"
भिंतीला तळवा लावून पाहिला तिने
पोराचं कपाळ पाहावं तसा.

धुण्याची टाकी दोरीआड, कोरडी ठाक.
बर्फ फोडून बाया कोपरापर्यंत हात घालायच्या,
कॉडच्या पोटातली काळी साल खरवडायच्या,
असं पाटीवर लिहिलंय, तीन भाषांत, नीट.
पाटीवर नाही ते आई सांगते:
गुनवोरला दिवस गेले होते, ती बोलली नव्हती कुणाला.
टाकीचा काठ पोटाला गार लागायचा
म्हणून एका अंगाने उभी राहायची.
त्या उभं राहण्यावरूनच
कळलं सगळ्यांना.

माळ्यावर मासे प्लास्टरचे.
खडकही खोटा, ऊन दिव्याचं.
"कातडं खाली हवं," म्हणत आई
दोरीखालून वाकून आत शिरली.
"आजी, हात लावायचा नसतो..."
तोवर चार मासे पालथे झाले होते, म्हणजे सुलटे.
एस्किलने इकडेतिकडे पाहिलं,
मग दोरी उचलून धरली, तिला सोपं जावं म्हणून.
अकरा मासे झाले. बारावा खिळ्याने ठोकलेला निघाला.
"हा राहू दे," ती म्हणाली, "हा मुकादम."

थेंब पडला की भोंगा व्हायचा.
मग पळायचं, ढीग रचायचे,
वर लाकडी झाकण, झाकणावर धोंडा.
मागनहिलच्या लग्नाच्या दिवशीही झाला भोंगा:
वऱ्हाड चर्चमध्ये ताटकळलेलं
आणि नवरी खडकावर, परकर खोचून.
नवरा कोण होता, ते आईला आठवत नाही.

भिंतीवर मोठा फोटो. नऊ जणी,
डोईला रुमाल, डोळे उन्हाने बारीक.
खाली नाव आहे ते फोटो काढणाऱ्याचं.
मी शोधत राहिले तिला त्या नऊ जणींत.
आई थांबलीच नाही.

शेवटच्या खोलीत लाकडी पेटी,
स्पेनहून जहाजाने यायचं तसलं जाड मीठ.
'हात लावून पाहा.'
शाळेची पोरं लावत होती, ओरडत होती.
मी लावला नाही.
माझा कोट मी तिच्या कोटापासून
लांबच्या खुंटीला टांगायची, नऊ वर्षांची असताना.
वास लागेल म्हणून.
तिने ते पाहिलं होतं की नाही
हे मी अजून विचारलेलं नाही.

परतीच्या बोटीत वारा होता.
पलीकडचा काठ पाच मिनिटांवर,
तरी ती बाकावर बसली, पाय लांब करून.
"तेव्हा सुटताना दारात खिसे तपासायचे," ती म्हणाली.
"चिमूटभर मिठासाठीसुद्धा.
आज तो पोरगा म्हणाला, पुन्हा या."
आणि मूठ उघडली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ती जागली: पहाटे चारला, तेवीस वर्षं,
आणि हे मीठ तर खाल्लेलंही नव्हतं,
नुसतं बोटांच्या भेगांत गेलेलं.

सात-आठ खडे. एकाला खिशातला लोकरीचा धागा.
"घे."
मी एक जिभेवर ठेवला.
कसा लागला, तिने विचारलं नाही.
बाकीचे पुन्हा खिशात टाकले
आणि खिशाचं बटण लावलं.