सहा चौकोन

सर्जेकोटला, सुंदराआतेच्या पडवीत,
मासळीच्या टोपलीवर पालथी परात
आणि परातीवर नवा फोन.
मी त्यातलं एकेक काढून टाकतेय.
हवामान नको म्हणाली, दार उघडं आहे.
घड्याळ राहू दे, पण काट्यांचं.
खेळ, खरेदी, बातम्या, कुणाकुणाचे वाढदिवस,
होडीतलं पाणी डब्याने उपसावं तसं उपसलं सगळं
आणि तळाशी उरले सहा चौकोन,
खोबऱ्याच्या वडीएवढे.

अंगठा ठेव म्हटलं. ठेवला.
फोन म्हणाला, पुन्हा.
ठेवला. पुन्हा.
चाळीस वर्षं बर्फ, मीठ, कोयता.
रेघा झिजून गेल्यात.
"रेशनवाल्याचा मशीन पण ह्याच म्हणता," ती म्हणाली,
"मी मी न्हय."
मी कुलूपच काढून टाकलं.

तिला अक्षरं येत नाहीत, तेव्हा चौकोनात चेहरे लावायचे.
पहिल्यात म्हादू, तिचा मुलगा. जहाजावर असतो.
पांढऱ्या गणवेशातला त्याचा फोटो होता माझ्याकडे.
तिने फोन लांब धरला, जवळ धरला.
"ह्यो कोण सायब?"
मग कोपऱ्यातलं मोडकं वल्हं दाखवलं,
म्हादूने बाराव्या वर्षी मोडलेलं,
वर मार चुकवायला माडावर चढून बसला होता.
मी वल्ह्याचा फोटो काढला.

त्यानंतर माझं काही चाललं नाही.
कारखान्यातला इनास म्हणजे बर्फाची लादी,
ती पाझरायच्या आत टिपली.
दिगूची रिक्षा म्हणजे रिक्षा नव्हे, तिचा फाटका पडदा.
डॉक्टर म्हणजे गोळ्यांची पिवळी पुडी.
आणि हौसाबाई, जिच्याशी सात वर्षं बोलणं नाही,
तिच्यासाठी मधल्या कुंपणावरची जास्वंद,
जिच्यावरूनच भांडण.
"रातीचा काय झाला तर पयली तीच धावतली."

सहावा उरला.
मी गप्प राहिले, मुद्दामच.
चार्जरची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.
तिने चहा ठेवला.
भरती कुठवर आली ते बघायला पायरीपर्यंत गेली, आली.
"ह्यो रिकामो ठेव."
कुणासाठी, हे मी विचारलं नाही.
"सगळा भरून ठेवूचा नसता गो.
होडयेत पण वायच जागा रवाक व्हयी."

एस.टी.त, फोंडा घाट चढताना, मला राग आला.
खरं सांगायचं तर आधी राग, मग भूक.
तिने दिलेले तळलेले पेडवे खाल्ले,
सगळ्या गाडीला वास.
पुढच्या सीटवरच्या बाईने खिडकी उघडली,
मी काटे कागदात गुंडाळत राहिले.

एक सांगायचं राहिलं.
सहावा चौकोन रिकामा दिसतो, नुसता पांढरा.
पण त्याच्या मागे माझा नंबर आहे.
ती चहाची भांडी विसळत होती तेव्हा घातला.
तिला ठाऊक नाही.
की आहे? भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता खरा.

आता कोल्हापुरात, ऑफिसात, कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी,
संध्याकाळी पाचच्या सुमारास तिचा फोन येतो.
ती बोलत नाही. तिने लावलेलाच नसतो.
कनवटीला खोचलेला असतो आणि टोपली उचलायला ती वाकते.
मी नुसती ऐकते: लिलाव,
आठशे, आठशे, साडेआठशे,
कावळे, ओल्या वाळूवर ओढलेलं काहीतरी जड,
कुणाची तरी शिवी, कुणाचं तरी हसणं,
सुट्ट्या पैशांची पिशवी.
समोर पडद्यावर कुणाचा तरी विम्याचा अर्ज अर्धा भरलेला.
बंद करायचा म्हणून बोट नेते आणि ठेवते तसंच.

"वायच सरक गो," ती कुणाला तरी म्हणते.
मी खुर्ची मागे घेते.