मुदत

सोहार बंदरातल्या पत्र्याच्या केबिनमधून
मी रॉटरडॅमच्या सर्व्हरला विचारतो
समोरच्याच समुद्राची पातळी.
अख्खं कोठार नको रे बाबा,
या धक्क्यापुरतं, आजच्यापुरतं दे.
तो मोजून तेवढंच देतो.
ते मी इथेच, ब्राउझरच्या कप्प्यात ठेवतो.
त्याच प्रश्नासाठी पुन्हा कोण जाईल
इतक्या लांब?

परवा दुपारी नेट गेलं.
पडदा काही बोलला नाही.
आकडे दाखवत राहिला
शांत, शिळे, बरोबर वाटणारे.
खिडकीबाहेर पाणी केव्हाच उतरलं होतं,
खांबांचे शिंपले उघडे पडले होते.

अश्फाक पारकर चहा घेऊन आला.
सहज विचारलं, हर्णैला पापलेट काय भाव?
"चारशे."
लगेच म्हणाला, कुणाला फोन न करता.
नऊ वर्षं झाली त्याला निघून.
मी दुरुस्त केलं नाही.

रात्री कोड उघडला.
मुदत: चोवीस तास.
तिथे शून्य लिहिलं,
म्हणजे दर वेळी नव्याने विचारणं आलं,
आणि दर वेळी वाट बघणं.
मग आठवलं,
घरचं दार मला अजून निळंच दिसतं.

शून्य खोडलं.
एक तास ठेवला.