महिना, साल, मग सहा आकडे

थंडर बेमध्ये, इर्या केट्टुनेनच्या तळघरात
मी पोटावर आडवा, तोंडात टॉर्च,
हातात दाढीचा आरसा.
फ्रीझरच्या पाठीला, पार खाली,
कंपनी जिथे जन्मतारीख लपवते
तिथे धूळ, एक वाळलेली गांधीलमाशी
आणि ॲल्युमिनियमची पट्टी.

वीज कंपनीचा फॉर्म आहे:
जुना फ्रीझर द्या, साठ डॉलर घ्या,
उत्पादनाचं साल तेवढं लिहा.
"अठ्ठ्याहत्तर," ती जिन्यावरून सांगते.
"आर्व्होने नवा कोरा आणला. खोक्यातून.
उतरवायला तीन माणसं लागली."

मी अंगठ्याला थुंकी लावून पट्टी पुसतो.
आरशात अक्षरं उलटी. सवय आहे.
पहिलं महिन्याचं, दुसरं सालाचं,
पुढचे सहा आकडे नुसते रांगेतले.
महिना सप्टेंबर.
सालाची गोची अशी, की अक्षरं बाराच;
एक तप सरलं की पुन्हा पहिल्यापासून.
बासष्ट, चौऱ्याहत्तर किंवा शहाऐंशी.
बासष्टच्या प्लगला तिसरी पिन नसते.
शहाऐंशीत हा शेवाळी रंग
कुणी फुकटही नेला नसता.

मी उगीच पडून राहतो, गरजेपेक्षा जास्त वेळ.
चार वर्षं. दुसऱ्या कुणाच्या तरी तळघरात.
आणि खोका?
दुकानामागून मागून आणला असेल,
टेप लावून बंद केला असेल नीट,
त्या तिघांना काय सांगितलं असेल?

"सापडलं का?"
पट्टी गंजलीय, मी म्हणतो. दिसत नाही.

ती उतरते, कठड्याला धरून, एकेक पायरी.
झाकण उघडते. मूसचं मांस, ब्लूबेरीच्या पिशव्या
बाजूला सारते, तारेची टोपली उचलते,
उलटी करून माझ्या नाकासमोर धरते.
तळाला कागदी टेप, पेन्सिलीचं तिरकं अक्षर,
तिचं नसलेलं:
चेरी, जुलै ७६.

"पहिल्याच संध्याकाळी दिसलं.
बाकी सगळं चकचकीत पुसलं होतं त्याने.
मी शेजारणींना बोलावलं, कॉफी केली,
नवा फ्रीझर दाखवला."

मग नखाने टेपचा कोपरा उचलून पाहते.
निघत नाही.

"खरं साल लिही. टोपली देणार नाही मी."

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते:
सर्व भाग जागेवर आहेत का?
मी खूण करतो: होय.