थर सतरावा

घणसोली, सेक्टर नऊ, रात्रीचे दोन.
थर सतरावा : आयाळ.
केस न् केस काढत बसलं की घोड्याचा झाडू होतो
हे कळायला माझे तीन घोडे गेले.
आधी काळोख भरायचा, मानेलगत, दाट.
मग बटा.
केस अगदी शेवटी,
तेही मोजके, वाट चुकलेले.

शेपटी मात्र जमेना.
म्हणून रविवारी ठाण्याला, राबोडीत गेले,
वरातीच्या घोडीमागे उभी राहिले
लाथ पोचणार नाही इतक्या अंतरावर.
कासीम खोबरेल चोपडत होता,
बोटांनी गुंता सोडवत, तिला शिव्या घालत, मायेनं.
"इथं बघा, विरळ झालीये.
पोरं उपटतात. अंगठी करायला. नशीब उघडतं म्हणे."

आता ती शेपटी स्क्रीनवर आहे :
मुळाशी तेलकट, टोकाला तांबूस,
कुणाच्या तरी लग्नातला
जरीचा एक धागा अडकलेला,
आणि डावीकडे ती विरळ जागा.

सकाळी निरोप : शेपटी भरून घ्या,
मागची भिंत दिसतेय.

दिसतेय खरी.
मी पेन उचललं,
अठरावा थर उघडला
आणि तिच्या पुठ्ठ्यावर
एक माशी बसवली.