पाळीबदल

शारजाला आई चाकांच्या खुर्चीतून बाहेर आली,
मांडीवर पर्स, पर्समध्ये टॉवेलच्या रुमालात गुंडाळलेली वही.
शंभर पानी, निळा पुठ्ठा, शालनताईचं अक्षर.
आधी गोळ्यांची यादी, आणि खाली, दोनदा गिरवून:
रात्री दोनला उठते. दिवा लावू नकोस. नुसता हात दे.

अशी वही मला नवी नाही.
फुजैराच्या किनाऱ्यावर, समुद्राचं मीठ काढणाऱ्या कारखान्यात
सतरा वर्षं मी पाळी संपताना लिहीत आलोय:
तीन नंबरचा पंप आवाज करतोय, लक्ष असू द्या.
पुढचा येतो, सही करतो,
मी सुटतो.

शालनताई सुटली का, हे मी विचारलं नाही.

कुडाळला सहा महिने, बेळगावला दिगूकडे तीन,
तिथले तीन म्हणजे दोनच,
आणि माझ्याकडे व्हिसाचे नव्वद दिवस.
हे वाटप बाबांच्या तेराव्याच्या आत उरकलं.
काजूच्या बागेचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून आईला डोंगर दिसतो,
उघडा, तांबूस, एक काडी नसलेला.
"ह्या डोंगराक गवत कित्याक नाय रे?"
रोज विचारते. पहिले आठ दिवस मी नीट सांगितलं.
नंतर म्हटलं, येईल.

मी लिहिलं: ६ मार्च. बीपी १४० वर ९०. साखर १७२. स्थिर.
आंघोळ वृंदा घालते, नखं वृंदा काढते,
ते लिहायला माझ्या रकान्यांत जागा नव्हती.
पानाचा फोटो पाठवला. ताईचा लगेच फोन:
"हे पंपाचं लिहिलंस. ती बोलली काय?"
बोलली होती. बराच वेळ.
मी हं हं करत दुसरंच काही बघत होतो.

मग तिघांचा एकत्र फोन.
दिगू म्हणाला, पैसे मी वाढवून देतो, पण मे महिना नको,
घरात लग्न आहे बायकोकडचं.
ताई म्हणाली, तुझे पैसे रात्री दोनला उठतात का?
नंतर कोणी बोलेना.
पूर्वी मिनिटाला पैसे पडत, भांडण आवरतं घ्यावं लागे.
आता फुकट. कुणाकडे तरी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या,
त्या आम्ही तिघांनी ऐकल्या.

एका सुटीच्या रात्री मी जागा राहिलो.
दोनला दहा कमी असताना पलंग करकरला.
दिवा लावला नाही. हात दिला.
तिनं आधी अंगठा चाचपला, मग मनगट.
"शालन?"
मी हो म्हटलं.
भिंतीच्या कडेकडेनं आम्ही गेलो आणि आलो.
पांघरूण घेताना म्हणाली, तू पण निज गो आता.

एकोणनव्वदाव्या दिवशी बॅग भरताना वही उलटी पडली.
मागून, पेन्सिलीनं, चौथी शिकलेलं अक्षर,
ओळी उतरत उतरत गेलेल्या:

शालन. कंबर दुखता, सांगना नाय.
दिगू. घरात बोलणा कमी झाला.
बाबलो. हयल्या पाण्याक चव नाय. ताच पिता.
जेवताना फोन.

तारीख नाही. सही नाही.
कधी लिहिलं, वृंदालाही ठाऊक नाही.

मीठ काढल्यावर पाण्यात आम्ही थोडा चुना सोडतो,
अगदीच आळणी लागू नये म्हणून.
हे आईला सांगायचं राहूनच गेलं,
आणि सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती,
मग कमी पडता.

विमान पहाटेचं. दिगू घ्यायला येतो म्हणालाय,
मे असूनही.
ताईच्या ओळीखाली मी दिगूसाठी लिहिलं,
बीपी नाही, साखर नाही:
दिवा लावू नकोस.
शालन म्हणाली तर
हो म्हण.