वीस मिनिटांचं गाव

बस थांबली तसा गाईड म्हणाला, वीस मिनिटं.
व्हिएतनाम, दिवस चौथा. आम्ही एक्केचाळीस जण,
पिवळ्या टोप्या, बाबर मॅडमची शिट्टी.
बांबूच्या घराखाली एक बाई माग चालवत होती.
आमची बस वळणावर दिसली
तेव्हाच बसली असावी;
बाजूचा चहा अजून वाफाळत होता.

"किती ऑथेंटिक ना," पूर्वा म्हणाली.
मीही फोटो काढले. अकरा.
एकात तिचे नुसते हात आहेत.

मग ताण्यातला एक धागा तुटला
आणि माझी बोटं माझ्याआधी पुढे गेली.
विट्यात शाळा सुटल्यावर हेच तर केलंय,
तुटलं की थुंकी लावून गाठ.
तिनं गाठ बघितली, मला बघितलं,
सरकून बाकावर जागा दिली.

शिट्टी वाजली.

एक स्कार्फ घेतला. घासाघीस केली,
का केली कोण जाणे.

घरी अण्णांनी तो उलटा करून पाहिला,
कानात कापूस तसाच.
ओरडून विचारलं, मीटरला किती पडतं त्यांना?
देवळाच्या पायऱ्या, राजांची सनावळी,
सगळं आहे माझ्या वहीत.
हे नाही.

आमच्या गल्लीत कुणाची बस वळत नाही.
बरंय, म्हणते मी.
तरी काल शेडच्या दारात उभं राहून
मोबाईल वर धरला,
तर अण्णा माग बंद करून
शर्टाची बटणं लावायला लागले.